दमा असलेल्या तरुण सभासदांसाठी: न्यूमोनियाच्या लसीबाबत बैठक

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, न्यूमोनिया प्रतिबंधक लसीसंबंधी डॉक्टरांसोबतची बैठक येत्या रविवारी सकाळी १० वाजता आपल्या नेहमीच्या सभागृहात होईल. दमा असलेल्या १९ ते ४० वयोगटातील सभासदांनी आवर्जून उपस्थित राहावे.

ही लस केवळ ज्येष्ठांसाठी असते, हा समज अजूनही घट्ट आहे आणि त्यामुळेच तरुण सभासद मागे राहतात, याची आम्हाला मनापासून काळजी वाटते. न्युमोकोकस जिवाणूमुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका दमा असलेल्यांना अधिक असल्याने अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीने २००८ मध्येच १९ ते ६४ वयाच्या दमेकऱ्यांसाठी या लसीची शिफारस केली होती. मात्र ही लस सर्व प्रकारचा न्यूमोनिया रोखत नाही आणि दम्यावरचा उपचारही नव्हे. त्यामुळे रोजचा इनहेलर परस्पर बंद करू नये.

कृपया लक्षात ठेवावे:

१. पूर्वीच्या लसीकरणाची नोंद व सध्याचा इनहेलर सोबत आणावा. काही लसींचा एकच डोस पुरतो, तर काहींनंतर दुसरी लस घ्यावी लागते. म्हणून आधी घेतलेल्या लसीचे नेमके नाव महत्त्वाचे आहे.

२. पूर्वीच्या लसीची तीव्र ॲलर्जी आली असल्यास किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

३. फ्लूची लस वेगळी असून ती दरवर्षी घ्यावी लागते.

बैठकीत लस दिली जाणार नाही. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत सचिवांकडे नाव नोंदवावे.