तिसरीच्या वर्गशिक्षिकांना अनावृत आभारपत्र

म्युनिक, जुलै २०२४

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. शाळेच्या निरोपसमारंभात मी आपल्या हाती जर्मनमधील चार ओळींचे एक कार्ड दिले होते. त्या भाषेत माझी धाव तेवढीच आहे. मला जे म्हणायचे होते ते त्या चार ओळींत मावणारे नव्हते, म्हणून हे पत्र मी माझ्या भाषेत आणि चारचौघांसमोर लिहितो आहे. आपल्याला ते वाचता येणार नाही, याची मला कल्पना आहे. परंतु महाराष्ट्रातून मुले घेऊन या देशात येणाऱ्या कुटुंबांना ते वाचता येईल, आणि परक्या देशात मुलाला कोणत्या इयत्तेत बसवायचे या प्रश्नाने ज्यांची झोप उडाली आहे त्यांना आपण काय केलेत हे कळावे, अशी माझी इच्छा आहे.

आम्ही २०२२ च्या दिवाळीनंतर सांगलीहून इथे आलो. मुलगा त्या वेळी नऊ वर्षांचा होता आणि चौथीचे पहिले सत्र संपवून आला होता. आमचा समज असा होता की चौथीतला मुलगा चौथीतच बसेल, आणि राहिली भाषा, तर ती मुले पटकन शिकतात असे सगळेच सांगत होते. म्युनिक ज्या राज्यात येते त्या बव्हेरियात चौथी ही साधी इयत्ता नाही, हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहा वर्षांची असते. इथे ती चारच वर्षांची आहे आणि चौथीच्या अखेरीस मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. मे महिन्याच्या प्रारंभी जे प्रमाणपत्र मिळते त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी असते. इथे १ ही सर्वांत चांगली श्रेणी आणि ६ ही सर्वांत वाईट, त्यामुळे आपल्याकडच्या सवयीने पाहणाऱ्याला सारेच उलटे वाटते. २.३३ पर्यंत सरासरी असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा, आणि त्यापलीकडे असेल तर मिटेलशूल, म्हणजे मुख्यतः व्यवसायशिक्षणाकडे नेणारी शाळा, असा तो ढोबळ हिशेब आहे. पुढे वाट बदलता येते, सरासरी कमी पडली तर तीन दिवसांच्या चाचणीवर्गाची सोयही आहे. तरीही दहा वर्षांच्या मुलाच्या घरात त्या मे महिन्याची धास्ती दहावीच्या निकालापेक्षा कमी नसते.

आता आमच्या वाट्याला आलेल्या सल्ल्यांविषयी थोडे लिहितो, कारण त्यावाचून आपण केलेल्या गोष्टीचे मोल कळणार नाही. नोकरीच्या निमित्ताने आमच्या मदतीला जो सल्लागार नेमला होता, त्याने पारपत्रावरील जन्मतारीख पाहिली आणि मुलगा वयानुसार चौथीत बसेल असे सांगून विषय संपवला. जर्मनचे एक अक्षर न येणारे मूल सहा महिन्यांत त्या प्रमाणपत्राला कसे सामोरे जाणार, असे मी विचारले, तेव्हा ते शाळा पाहील, असे त्याचे उत्तर होते. तात्पुरत्या घराजवळच्या ज्या शाळेच्या हद्दीत आम्ही येत होतो, तिने दुसरे टोक गाठले. तिथे मुलाला गणिताची एक प्रश्नपत्रिका देण्यात आली. तीत बहुतेक शाब्दिक उदाहरणे होती आणि ती अर्थातच जर्मनमध्ये होती. वीसपर्यंतचे पाढे खडाखडा म्हणणारा मुलगा कोऱ्या कागदासमोर बसून राहिला, आणि तो गणितात कच्चा आहे असा निष्कर्ष काढून त्याला दुसरीत पाठवण्यात आले. नऊ वर्षांचा, अंगाने थोराड मुलगा सात वर्षांच्या मुलांमध्ये, गुडघे टेबलाला टेकतील अशा खुर्चीवर नाताळच्या सुट्टीपर्यंत बसत होता. तिथे त्याला कोणी वाईट वागवले नाही. पण तिथे त्याला कोणी काही विचारलेही नाही.

आपल्या लोकांचे सल्ले तर मागावे लागतच नाहीत. एका ओळखीच्या सद्गृहस्थांनी एक वर्षदेखील वाया जाऊ देऊ नका, वकील करा, पण चौथीच घ्या, असे बजावले. मुलाचे पुढचे तीस वर्षांचे आयुष्य त्यांनी चहाच्या एका कपात आखून दिले. सांगलीहून माझ्या आईने फोनवर विचारले की तो नापास झाला का. तिच्या प्रश्नात निदान काळजी होती.

घर बदलल्यामुळे शाळेची हद्द बदलली आणि जानेवारीत आम्ही आपल्या शाळेत आलो, हे निव्वळ आमचे दैव. मुख्याध्यापिकांच्या खोलीत आम्ही तिघे एका रांगेत बसलो होतो. मी सारे दाखले फायलीत लावून, त्यांची भाषांतरे करून आणली होती. आपण ती फाईल घेतलीत आणि बाजूला ठेवलीत. नंतर खुर्ची ओढून आमच्यासमोर न बसता मुलाच्या शेजारी बसलात आणि त्याच्या दप्तरात काय आहे ते खुणेने विचारलेत. दप्तरात रंगपेटी, डबा आणि बालभारतीचे चौथीचे मराठीचे पुस्तक होते. ते पुस्तक तो का घेऊन फिरत होता, हे मला आजही ठाऊक नाही. आपण ते उघडलेत, त्याच्यापुढे सरकवलेत आणि वाच म्हणालात.

त्याने माझ्याकडे पाहिले. मी इंग्रजीत सांगू लागलो की हे मराठी आहे, आपल्याला ते समजणार नाही. आपण हात किंचित वर करून मला थांबवलेत. मग तो वाचू लागला. आधी पुटपुटत, मग नीट आवाजात, आणि दुसऱ्या पानावर गेल्यावर तर खोलीत कोण आहे याचे भान विसरून. आपण एकही शब्द न कळता तो अख्खा धडा शेवटपर्यंत ऐकलात. मध्ये घड्याळाकडे पाहिले नाहीत, पुरे म्हणाला नाहीत. या देशात आल्यापासून त्या मुलाला मोठ्या माणसांच्या बैठकीत इतका वेळ बोलू दिलेले मी प्रथमच पाहिले.

वाचून झाल्यावर आपण जे सांगितलेत ते मी त्याच रात्री लिहून ठेवले होते. तो पूर्णविरामाला थांबतो, प्रश्न आला की त्याचा आवाज चढतो, एका ठिकाणी तो अडखळला तेव्हा मागे जाऊन त्याने ते वाक्य स्वतःहून पुन्हा वाचले, आणि एका जागी तो स्वतःशीच हसला. म्हणजे तो अर्थ लावत वाचतो. ज्याला एका भाषेत असे वाचता येते त्याला वाचायला शिकवावे लागणार नाही, त्याला केवळ जर्मन शिकवावे लागेल, असे आपण म्हणालात आणि दुसरीचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. नंतर आपण शब्द नसलेली गणिते घातलीत. भागाकारासाठी इथे दोन टिंबे लिहितात, गुणाकारासाठी एकच मधले टिंब, दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब. त्यामुळे १.००० या संख्येला तो एक समजला, तेव्हा आपण त्याला चूक म्हणाला नाहीत, तुमच्याकडे हजार कसे लिहितात ते फळ्यावर लिहून दाखव म्हणालात. आधीच्या शाळेत कच्चे ठरलेले त्याचे गणित त्या दिवशी आपल्या वर्गापेक्षा पुढे निघाले.

मग तिसरीच का, चौथी का नाही, हे समजावून सांगण्यासाठी आपण जो मुद्दा मांडलात, तो एवढ्या सल्लागारांपैकी एकालाही सुचला नव्हता. मुलाचा जन्म ऑगस्ट २०१३ चा आहे. बव्हेरियात ३० सप्टेंबरपर्यंत ज्याला सहा वर्षे पूर्ण होतात तो त्या वर्षी पहिलीत जातो. परंतु २०१९-२० या शालेय वर्षापासून जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये सहा वर्षांच्या होणाऱ्या मुलांना एक वर्ष उशिरा पाठवण्याची मुभा पालकांना देण्यात आली. आमचा मुलगा इथे जन्मला असता तर नेमक्या त्याच पहिल्या वर्षी हा पर्याय आम्हाला मिळाला असता, आणि त्याच्या वयाची इथे जन्मलेली मुले तिसरीतही आहेत, चौथीतही आहेत, असे आपण सांगितलेत. त्यात आपण आणखी एक गोष्ट विचारलीत, जी विचारण्याचे भान मला फार हृद्य वाटले: महासाथीत भारतातील शाळा किती काळ बंद होत्या? मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळेचे तोंड त्याने दुसरीच्या संपूर्ण वर्षात पाहिले नव्हते. ते वर्ष त्याने आईच्या मोबाईलवर काढले होते. आपण मान डोलावलीत आणि म्हणालात, की मग हे वर्ष वाया जाणारे नाही, ते त्याचे राहून गेलेले येणे आहे.

बाई, वर्ष वाया जाण्याची भीती आमच्या समाजाच्या हाडीमाशी इतकी खिळली आहे की ते वाक्य ऐकून मी काही क्षण बोलूच शकलो नाही. मुलाची आई मात्र मोकळेपणाने रडली, आणि आपण तिच्यापुढे रुमालांचे खोके सरकवून, जणू काही झालेच नाही अशा सहजतेने, मुलाला कोट अडकवायचा त्याचा हुक कोणता ते दाखवायला घेऊन गेलात.

इथे तिसरी आणि चौथी बहुधा एकाच शिक्षिकेकडे असते. त्यामुळे तिसरीत बसल्याने त्याला पुरेसा वेळ तर मिळालाच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन्ही इयत्तांसाठी आपण मिळालात. चौथीत बसला असता तर चारच महिन्यांत त्याच्या हाती प्रमाणपत्र पडले असते आणि त्यावरून त्याची पारख झाली असती. त्या काळातील शिकवण्या, जर्मनचे जादा तास, पोहण्याच्या तासाला त्याने काढलेली कुरकुर, यांचा पाढा मी इथे वाचत नाही. वर्गातील भिंतीवर आपण मुलांच्या आवडत्या पुस्तकांची चित्रे लावली होतीत, त्यांत बालभारतीचे मुखपृष्ठही होते आणि ते दोन्ही वर्षे तिथेच राहिले, एवढे नमूद करतो.

शाळेतील आणखी काही माणसांचे ऋण इथेच मान्य करायला हवे. आपल्या शाळेचे शिपाईकाका पहिल्या आठवड्यात त्याला फाटकापासून वर्गापर्यंत सोडत असत. तेथील कचेरीतील बाई माझे मोडके जर्मन पूर्ण ऐकून घेत आणि मगच इंग्रजीत बोलत. ही माणसे कोणत्याही योजनेचा भाग नव्हती आणि त्यांना त्याबद्दल कोणी काही देत नव्हते. समोरच्या माणसाला आपल्यापाशी काही वेळ थांबू देणे, हे जगात अजूनही पुष्कळ जण करतात. अधिकाराच्या खुर्चीत बसूनही ते करतात, तेव्हा त्याचे अप्रूप वाटते. ज्या सल्लागाराने जन्मतारीख पाहून फाईल मिटली, त्यानेही नियम मोडला नव्हता आणि आपणही मोडला नाहीत. नियम तोच होता. आपण तो मुलाशेजारी बसून वाचलात.

मे महिन्यातील प्रमाणपत्राची सरासरी मी इथे लिहिणार नाही, कारण ती मुलाची खासगी बाब आहे. आपण मात्र तेव्हाही आम्हाला अंधारात ठेवले नाहीत. जर्मन ही मातृभाषा नसलेल्या आणि पहिलीपासून इथे न शिकलेल्या मुलांना, भाषेतील उणीव भरून निघण्यासारखी असेल तर, ३.३३ सरासरीपर्यंतही गिम्नाझियमसाठी पात्र ठरवता येते, ही तरतूद आपण स्वतःहून आमच्यापुढे ठेवलीत आणि निर्णय आमच्यावर सोडलात. आम्ही मुलाला विचारले. त्याच्या वर्गातील दोन मित्र रेआलशूलला जात आहेत आणि तिथे वरच्या वर्गात गणित व तंत्रज्ञानाची शाखा घेता येते, हे त्याला आपणच सांगितले होते. त्याने रेआलशूल निवडली. दहावीनंतर पुढचे मार्ग खुले आहेत, हे आता आम्हालाही कळले आहे. आमच्या ओळखीच्या सद्गृहस्थांना ते कळायला अवकाश लागेल, आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे काम मी आनंदाने माझ्याकडे ठेवले आहे.

सुट्टीत वाचण्यासाठी आपण त्याला दिलेल्या यादीतील पहिली दोन पुस्तके त्याने वाचनालयातून आणली आहेत. त्यांबद्दल तो आपल्याला स्वतः पत्र लिहिणार आहे. ते जर्मनमध्ये असेल. त्यातील चुका मी तपासून देणार नाही, कारण एव्हाना त्याचे जर्मन माझ्या जर्मनपेक्षा कितीतरी बरे झाले आहे.

आपला कृतज्ञ,
आपल्या वर्गातील एका विद्यार्थ्याचा पिता