उगवण कमी झाली, तर पाणीही तपासावे

महोदय,

उन्हाळ कांद्याचे उळे, म्हणजे रोपांसाठीचे बी, टाकण्याचे दिवस आले की निफाड तालुक्यात ‘बियाणे उगवले नाही’ ही तक्रार दर वर्षी ऐकू येते. बोगस बियाणे विकणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी. मात्र बोअरच्या मचूळ पाण्याकडे कोणी पाहत नाही, याची मला खंत वाटते.

मागील हंगामात माझा एक गादीवाफा कालव्याच्या पाण्यावर होता, दुसरा बोअरच्या. बियाणे एकाच पुडीतले, तरी दुसऱ्या वाफ्यात रोप विरळ आले आणि कडेला मातीवर क्षारांचा पांढरा थर धरला. तेव्हा उरलेल्या बियाण्यातले शंभर-शंभर दाणे मोजून मी दोन फडक्यांत बांधले. एक फडके पावसाच्या साठवलेल्या पाण्याने ओले ठेवले, दुसरे बोअरच्या. सहाव्या दिवशी पहिल्यातल्या बहुतेक दाण्यांना मोड आले होते, दुसऱ्यातल्या निम्म्यांनाही नव्हते. हे मागे राहिलेले दाणे धुऊन पावसाच्या पाण्यात ठेवल्यावर त्यांतलेही बरेच उगवले. म्हणजे बी जिवंत होते, क्षारांमुळे त्याला पाणी ओढून घेता येत नव्हते. खारेपणा फार वाढला, तर सोडियम आणि क्लोराइड पेशींत साचून अंकुराला इजा करतात, आणि मग धुऊनही उपयोग होत नाही.

कांदा मुळात क्षारांना हळवा आहे. मातीच्या अर्काची विद्युत वाहकता, म्हणजे त्यातल्या क्षारांचे माप, 1.2 डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की त्याचे उत्पादन घटू लागते. बार्ली 8 पर्यंत तग धरते. प्रमाणित कांदा बियाण्यासाठी ठरलेली किमान 70 टक्के उगवण प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यावर मोजलेली असते, हेही ध्यानात घ्यावे.

पाण्याप्रमाणे प्रकाशामुळेही उगवण कमी होऊ शकते. कांद्याच्या बियाला उगवायला उजेड लागत नाही, पण अलीकडे आपल्याकडे शेडनेटमध्ये घेतल्या जाणाऱ्या लेट्यूसच्या काही वाणांना तो लागतो. तांबड्या प्रकाशाने हे बी जागे होते आणि त्यापलीकडच्या अतितांबड्या प्रकाशाने पुन्हा निजते, हे 1952 साली अमेरिकेतील बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. प्रकाशाने गर्भांकुराचा जोर वाढतो, त्यामुळे क्षारांचा ताणही तो काही प्रमाणात सोसतो. तेच बी खोल पुरून वर मचूळ पाणी दिले, तर दोन्हीकडून कोंडी होते.

कृषी विभागाने उळे टाकण्याआधी, सप्टेंबरातच, गावोगावी पाण्याची वाहकता मोजून द्यावी आणि बियाण्याच्या पुडीवर पेरणीची खोली व प्रकाशाची गरज मराठीत छापणे कंपन्यांना बंधनकारक करावे, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक कांदा उत्पादक, निफाड, जि. नाशिक