पेरणीची घाई नको : गटातील सर्व सभासदांसाठी सूचना

मंडळी, राम राम. मृगाच्या दोन सरी पडल्या की चाड्यावर मूठ धरायची घाई होते, पण कृपया थांबा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन, कापूस पेरू नका. वरवरच्या ओलीवर बी उगवतं आणि मग आठ-दहा दिवसांचा खंड पडला की कोंब करपतात. दुबार पेरणीचं बियाणं आणि मजुरी कुणालाच परवडत नाही.

पाऊस शेजारच्या गावात झाला म्हणून आपल्या शिवारात झाला असं समजू नका. ज्यांच्याकडे पर्जन्यमापक आहे त्यांनी रोज सकाळी साडेआठला नोंद घेऊन ती गटावर टाकावी, हवामान खात्याची वेळही तीच आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी कुदळीने खणून ओल वीतभर खाली गेली का ते पाहावं.

तोवर घरच्या सोयाबीनची उगवण तपासा. ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवा, 70 उगवले तर बियाणं चांगलं.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान खात्याचा कृषी सल्ला येतो, तो ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत वाचता येतो. ‘दामिनी’ मात्र आजच मोबाइलमध्ये घ्या, जवळपास वीज पडण्याचा इशारा त्यावर मिळतो. आभाळ गडगडू लागलं की औत सोडून घर गाठा, झाडाखाली उभं राहू नका. गुराख्याकडे मोबाइल नसेल तर त्याला हाक मारून सांगा.