भोके जुळली, पण बोल्टचे काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीतील अलॉय चाकांवरचा लेख वाचला. चाकांची नक्षी, रंग, आकार आणि किमती यांची माहिती त्यात भरपूर होती. मात्र ज्या बोल्टच्या जोरावर ते चाक गाडीला चिकटून राहते, त्याचा उल्लेख संपूर्ण लेखात एकदाही आढळला नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात तीस वर्षे व्हर्निअर हे मोजमापाचे उपकरण हाताळल्यामुळे मला हे जरा जास्तच खटकले असेल, परंतु त्याला घरातलेच एक ताजे कारणही आहे.

माझ्या भाच्याने जुनी फोक्सवॅगन पोलो घेतली आणि पहिल्याच महिन्यात तिला बाहेरच्या दुकानातून अलॉय चाके बसवून घेतली. मागची चाके मडगार्डच्या कडेपर्यंत आलेली दिसावीत म्हणून तेथे दहा-दहा मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्याही टाकल्या. चारच दिवसांत ताशी ऐंशीच्या पुढे गाडी थरथरू लागली. दोनदा बॅलन्सिंग करूनही फरक पडला नाही आणि खंडाळ्याचा घाट उतरताना मागून टकटक ऐकू आली, तेव्हा घाबरून तो गाडी माझ्याकडे घेऊन आला. जॅक लावून मागचे डावे चाक उतरवताना मी सवयीने बोल्टचे फेरे मोजले. पाचव्या फेऱ्याला बोल्ट हातात आला.

या गाडीचा बोल्ट १४ मिमी जाडीचा असून त्याच्या आट्यांमधले अंतर दीड मिमी असते. म्हणजे पाच फेऱ्यांत जेमतेम साडेसात मिमी आटे हबमध्ये (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागात) गुंतलेले होते. बोल्टची जेवढी जाडी तेवढे तरी आटे गुंतलेले असावेत, असा कारखान्यातला साधा नियम आहे. त्या हिशेबाने येथे निदान नऊ फेरे हवे होते. कारण उघड होते. मध्ये दहा मिमीची चकती घातली, पण बोल्ट मात्र कंपनीचे, २७ मिमी लांबीचेच, पुन्हा लावले. स्पेसरच्या जाडीइतकी बोल्टची लांबी वाढवावी लागते हे शाळकरी मुलालाही समजेल असे गणित आहे. परंतु स्पेसर विकणाऱ्याने लांब बोल्ट विकले नाहीत आणि घेणाऱ्याने मागितले नाहीत.

दुसरा दोष त्याहून फसवा होता, कारण तो डोळ्यांना सहजी दिसत नाही. कंपनीच्या बोल्टच्या डोक्याखालची बैठक चेंडूसारखी गोलाकार असते, तर बाजारातल्या बहुतेक अलॉय चाकांची भोके साठ अंशांच्या शंकूची असतात. गोल बैठक शंकूत बसवली की ती पूर्ण पृष्ठभागावर टेकत नाही, एका बारीक वर्तुळावर टेकते. भाच्याच्या बोल्टवर ते वर्तुळ चकाकणाऱ्या तारेसारखे उमटले होते आणि भोकाभोवती अॅल्युमिनियमची काळपट भुकटी साचली होती. पाना मारताना बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो. पुढे ती बारीक कड चाकाच्या मऊ धातूत रुतते, ताण सैल होतो आणि बोल्ट ढिला पडतो.

येथे थोडे विषयांतर वाटेल, पण सांगणे भाग आहे. गाडीचा भार बोल्टच्या दांड्यावर पेललेला असतो असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः घट्ट आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो, स्प्रिंगप्रमाणे चाकाला हबवर दाबून धरतो आणि त्या दाबामुळे दोन पृष्ठभागांत निर्माण होणारे घर्षण भार वाहते. हा ताण गेला की चाक हबवर सूक्ष्म सरकू लागते आणि मग दांडा एकदा इकडे, एकदा तिकडे वाकत राहतो. बोल्ट तुटतो तो असा, रोज थोडा थोडा. म्हणूनच हब आणि चाक यांच्यामधला गंज तारेच्या ब्रशने साफ करणे, आट्यांना तेल-ग्रीस न लावणे आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळणे या गोष्टींना अर्थ आहे. पोलोसाठी कंपनीने दिलेला आवळण्याच्या जोराचा आकडा १२० न्यूटन-मीटर आहे. हवेच्या गनने कर्रकन आवळून पोराने चाकावर थाप मारली, याला आवळणे म्हणत नाहीत. बाहेरची चाके बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत हेही दुकानात कोणी सांगत नाही.

थरथरीचे मूळ मात्र वेगळेच निघाले. चाकाचे मधले भोक ७३.१ मिमी होते, तर पोलोच्या हबचा मधला उंचवटा ५७.१ मिमी. सगळ्या गाड्यांना चालावे म्हणून बाजारातली चाके मधे मोठ्या भोकाची करतात आणि उरलेली फट भरण्यासाठी एक कडे घालायचे असते. ते कडे कोणी दिलेच नव्हते. चहूबाजूंनी आठ मिमीची पोकळी आणि चाकाचा मध्य साधण्याचे काम पूर्णपणे पाच बोल्टवर! मागच्या स्पेसरना तर स्वतःचा उंचवटाही नव्हता, त्या निव्वळ सपाट चकत्या होत्या, त्यामुळे कडे असते तरी ते बसवायला जागा उरली नसती.

ही केवळ फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांची कटकट आहे असेही नाही. आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांना बोल्टऐवजी हबवर स्टड (आट्यांचे पक्के दांडे) आणि त्यावर नट असतात. तेथे प्रश्न आट्यांचा येतो. मारुती स्विफ्टच्या नटाचे आटे सव्वा मिमी अंतराचे, ह्युंदाई आणि होंडाचे दीड मिमीचे, जाडी मात्र दोन्हीकडे १२ मिमी. चुकीचा नट हाताने एक-दोन फेरे जातो आणि अडतो. तेथे गन लावली की स्टडचे आटे गेलेच म्हणून समजावे. तसेच भोकांच्या वर्तुळाचे, म्हणजे बोल्टची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याच्या व्यासाचे. फियाट पॅलिओची चार भोके ९८ मिमीच्या वर्तुळावर, स्विफ्टची १००च्या. दोन मिमीचा हा फरक डोळ्यांना कळत नाही, पण ओढूनताणून बसवलेल्या बोल्टला तो कायम कळत राहतो. भाच्याने शंका काढली तेव्हा दुकानातल्या मुलाने दिलेले उत्तर असे होते, "दादा, पाच भोकं, पाच बोल्ट. बसणारच की!"

स्पेसर ही मुळातच वाईट वस्तू आहे असे माझे म्हणणे नाही. हबवर नेमका बसणारा, स्वतःचा उंचवटा असलेला स्पेसर योग्य लांबीच्या बोल्टसह वापरता येतो. त्याने चाक बाहेर येते, बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि गाडी भरलेली असताना टायर मडगार्डला घासू शकतो, एवढे ध्यानात ठेवावे. बोल्ट गरजेपेक्षा लांब असणेही तितकेच धोक्याचे आहे, कारण मागे ड्रम ब्रेक असेल तर त्याचे टोक आतल्या भागांना जाऊन भिडते. आवळल्यावर चाक हाताने फिरवून खरखर येते का हे ऐकावे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने गाडीत मनाजोगे फेरफार करण्यावर मर्यादा घातली आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२ अ मध्ये बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची किंवा दोन्हींची तरतूद आहे. भाच्याच्या पावतीवर मात्र फक्त "अलॉय सेट १५ इंच" एवढेच लिहिलेले आहे. जर्मनीत अशा चाकाबरोबर ते कोणत्या गाडीला आणि कोणत्या बोल्टने बसवायचे, हे लिहिलेला तपासणी अहवाल मिळतो. तेवढे आपल्याकडे लगेच होणार नाही हे मान्य. परंतु भोकांचे वर्तुळ, मधल्या भोकाचे माप, ऑफसेट (हबवर टेकणारा पृष्ठभाग चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून किती दूर आहे ते), बैठकीचा प्रकार आणि बोल्टचे आटे व लांबी या पाच गोष्टी पावतीवर लिहिणे परिवहन विभागाने विक्रेत्यांना बंधनकारक करावे, अशी माझी मागणी आहे. त्या लिहायच्या म्हटल्या की निदान एकदा तरी कोणाला तरी मोजाव्या लागतील. आपल्या पुरवणीनेही पुढच्या लेखात किमतीच्या रकान्याशेजारी हा रकाना द्यावा.

भाच्याच्या गाडीचे स्पेसर आम्ही काढून टाकले, मधली कडी आणली आणि शंकूच्या बैठकीचे वीस नवे बोल्ट लावले. थरथर थांबली. मात्र त्याची स्टेपनी अजून कंपनीची लोखंडीच असून तिला जुने गोल बैठकीचे बोल्टच लागतात, म्हणून त्यांतले धड असलेले पाच कापडी पिशवीत बांधून स्टेपनीच्या खळग्यात ठेवले आहेत आणि पिशवीला "फक्त स्टेपनीसाठी" अशी चिठ्ठी लावली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त तपासनीस, चिंचवड, पुणे