जुन्या रायफली मोडीत काढण्याआधी ट्रिगर तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

1 ऑगस्ट 2024 रोजी स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि राधानगरी तालुक्यातले कांबळवाडी देशभर ठाऊक झाले. त्याआधी 2010 मध्ये आमच्या कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या होत्या. साहजिकच इकडची मुले नेमबाजीच्या रेंजकडे वळत आहेत. पण पहिली काही वर्षे त्यांच्या हातात नवी रायफल येत नाही. येते ती कपाटातली फाइनवेर्कबाऊ 300 एस ही हवेच्या दाबाने छर्रा सोडणारी जुनी जर्मन एअर रायफल, नाहीतर एखादी जुनी वाल्थर किंवा अँशुट्झ. या रायफली ‘आता भंगार झाल्या’ म्हणून बाजूला टाकल्या जात आहेत आणि पालकांना लाखांच्या घरातली नवी रायफल घ्यायला सांगितले जात आहे. त्यासंबंधी हे पत्र.

मी टूलरूममध्ये फिटर म्हणून आयुष्य काढले. निवृत्तीनंतर ओळखीच्या रेंजवरच्या एअर रायफली पाहून देतो. माझा अनुभव असा की यातल्या बहुतेक रायफलींची नळी उत्तम असते. बिघाड असतो तो ट्रिगरमध्ये, आणि तोही बऱ्याचदा फक्त घाणीचा.

एका रेंजवरचे उदाहरण देतो. सातवीतल्या एका मुलीचे छर्रे सारखे उजवीकडे खाली जात होते. ‘तू झटका मारतेस’ हे तिला इतक्यांदा ऐकवले होते की ती रायफल उचलतानाच धास्तावलेली असे. मी ती रायफल हातात घेतली. टार्गेट रायफलचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा हलक्या स्प्रिंगवर मोकळा सरकतो, मग बोटाला स्पष्ट अटकाव लागतो, आणि तिथून थोडासा दाब वाढवला की सीअर (ताणलेली यंत्रणा अडवून धरणारा खटका) सुटून छर्रा जातो. या रायफलीत तो अटकावच लागत नव्हता. दुसरा टप्पा खरवडत, थांबत थांबत पुढे सरकत होता आणि कधी सुटेल याचा नेम नव्हता. दहा मीटरवर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा. असा ट्रिगर दिल्यावर कोणतेही मूल शेवटी वैतागून बोट ओढणारच. दोष त्या मुलीचा नव्हता.

आधी दस्त्याचे स्क्रू तपासले, कारण ते सैल असले तरी छर्रे असेच भरकटतात आणि ट्रिगरवर उगीच आळ येतो. ते घट्ट होते. मग रायफल रिकामी असल्याची, कॉक (म्हणजे आतली यंत्रणा ताणून सज्ज) नसल्याची खात्री करून दस्ता उतरवला. ट्रिगरच्या पेटीत तपकिरी, चिकट थर बसला होता. कोणीतरी वर्षानुवर्षे शिलाई मशीनचे तेल सोडत आले होते. त्यात धूळ मिसळून, सुकून त्याची लाख झाली होती. हीच रायफल डिसेंबरच्या सकाळी कॉकच होत नाही आणि ऊन वर आले की नीट चालते, अशी तक्रार होती, तिचाही उलगडा झाला. थंडीत तो थर आखडतो, सीअर वेळेवर जागेवर परत येत नाही. व्हाइट पेट्रोल आणि मऊ ब्रशने (उघड्या हवेत, आजूबाजूला ज्वाळा नसताना) पेटी धुतली, पूर्ण वाळू दिली. स्क्रूला हात न लावताच अर्धा दोष गेला. ट्रिगरमध्ये भरमसाट तेल ओतणे बंद करा, एवढे जरी सर्व रेंजनी ऐकले तरी पुष्कळ काम होईल.

उरलेला अर्धा दोष स्क्रूंचा होता. सीअरची पकड ठरवणारा स्क्रू, वजनाचा स्क्रू, पहिल्या टप्प्याचा आणि सुटल्यानंतर ट्रिगर कुठे थांबावा याचा, असे सगळे अंदाजाने फिरवलेले. मॉडेलप्रमाणे त्यांच्या जागा बदलतात, म्हणून त्या मॉडेलचे माहितीपत्रक समोर नसेल तर पेचकस उचलूच नये. प्रत्येक स्क्रू किती फेऱ्यांवर आहे ते वहीत लिहावे, नेलपॉलिशची खूण करावी, एका वेळी एकच स्क्रू पाव फेरा फिरवावा आणि तपासावे. थांब्याचा स्क्रू सगळ्यात शेवटी. तो जास्त आवळला की सीअर पुरता सुटत नाही, रायफल मध्येच दगा देते आणि सगळे स्प्रिंगला दोष देत बसतात.

खरा धोका पकडीच्या स्क्रूत आहे. दुसरा टप्पा ‘काचेसारखा तुटावा’ म्हणून पकड कमी करत नेतात. ती एका मर्यादेपलीकडे कमी झाली की रायफल नुसत्या धक्क्याने सुटते. म्हणून प्रत्येक बदलानंतर नळी पेलेट ट्रॅपकडे (छर्रे अडवणाऱ्या पेटीकडे) ठेवून, रायफल कॉक करून दस्त्यावर रबरी हातोडीने हलके ठोकून पाहतो. सुटली तर पकड वाढवायची, तिथे तडजोड नाही. बाजूच्या दांडीने कॉक होणाऱ्या रायफलीत छर्रा भरताना दांडी एका हाताने घट्ट धरलेलीच हवी. सीअर घसरला तर दांडी बोट ठेचते. आणि स्प्रिंग-पिस्टनची रायफल उगीच छर्रा न भरता सोडू नये, पिस्टन पुढे जाऊन आपटतो.

सीअर कानशीने घासून ‘गुळगुळीत’ करणारे कारागीरही मी पाहिले आहेत. त्यांना हात जोडून विनंती, हे करू नका. सीअरला बऱ्याचदा वरचा पातळ थरच कडक केलेला असतो. तो घासला की खालचे मऊ लोखंड उघडे पडते, झिजते आणि महिन्या-दोन महिन्यांत रायफल आपोआप सुटू लागते.

ट्रिगरचे वजन मोजायला महागडा काटा लागत नाही. सायकलच्या तारेचा आकडा आणि पाण्याची लहान बाटली पुरते. नळी सरळ वर धरून (यात छर्रा भरायचा नाही), बोट टेकते त्याच जागी आकडा अडकवायचा आणि सिरिंजने पाणी वाढवत जायचे. सुटली की बाटली आकड्यासकट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायची. इथे एक गैरसमज फार आहे. किमान 500 ग्रॅमची अट 10 मीटर एअर पिस्तुलाला आहे, एअर रायफलला किमान वजनाची अट नाही. म्हणून नवशिक्याला पिसासारखा ट्रिगर द्यावा असे मात्र नाही. 200 ग्रॅमच्या आसपास ठेवून बोटाला अटकाव ओळखायला शिकवावा, असे माझे मत आहे. त्या मुलीची रायफल मी तशीच ठेवली. तिचे छर्रे एका जागी पडू लागले.

हे सारे मी एअर रायफलपुरते लिहितो. खऱ्या गोळीच्या .22 रायफलच्या ट्रिगरचे काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे.

क्रीडा खात्याला आणि जिल्हा संघटनांना माझी विनंती आहे. प्रत्येक रेंजवर रायफलनिहाय एक वही ठेवा. तीत ट्रिगरचे वजन, साफसफाईची तारीख आणि कोणता स्क्रू कोणी फिरवला याची नोंद असू द्या. वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि स्पर्धांच्या हंगामाआधी, जाणकाराकडून तपासणी करून घ्या. इथल्या औद्योगिक वसाहतींत माझ्यासारखे अनेक निवृत्त फिटर आहेत, त्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले तर मनुष्यबळाचा प्रश्न उरत नाही. एखादी रायफल मोडीत काढायची असेल तर आधी तिचा ट्रिगर उघडून पाहिल्याचा लेखी शेरा बंधनकारक करा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही रेंजवर हे काम विनामोबदला शिकवायला मी तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर,
शिरोली, जि. कोल्हापूर