डोंगराच्या पलीकडचं माण

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "अप्पा, युरोप हिरवागार असेल असं वाटलं होतं, आणि माद्रिदला उतरताना खाली बघितलं तर आपलं दुष्काळी माणच!" ते डोक्यातून जाईना. गेल्या मे महिन्यात तुझ्याकडे आलो तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

तू राहतेस ते स्पेनचं मेसेता म्हणजे आपल्या दख्खनसारखं पठार. सरासरी ६०० ते ७०० मीटर उंच, माद्रिद साधारण ६५० मीटरवर. आपला काळा कातळ तिथे शोधू नकोस, पण पावसाचा हिशेब तोच. ढग येतात अटलांटिकवरून. उत्तरेची कान्ताब्रियन रांग त्यांना अडवते आणि पाणी आपल्याच अंगावर ओतून घेते. महाबळेश्वरात धो धो, आणि दहिवडीत आपण आभाळाकडे बघत बसलेलो, तसंच. लेओनहून डोंगरापलीकडच्या आस्तुरियासला जाताना पाहारेसचा तो रेल्वेचा लांबलचक बोगदा आठवतो ना, २०२३ साली सुरू झालेला, जवळजवळ २५ किलोमीटरचा? आत शिरताना लख्ख ऊन होतं आणि बाहेर पडलो तर धुकं, ओली कुरणं, चरणाऱ्या गाई. आई म्हणाली, "कुंभार्ली घाट उतरून चिपळुणात आलो की काय!" अगदी बरोबर बोलली ती. म्हणून सांगतो, सुट्टीत विमानाने जाऊ नकोस. रेल्वेने, बसने जा. डोंगर ओलांडल्याशिवाय देश कळत नाही.

आग्नेयेला आल्मेरियाकडे तर पाऊस पोचतच नाही म्हण ना. काबो दे गाताला वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा पडत नाही. जवळच्या ताबेर्नासच्या उजाड घळींत साठच्या दशकात काउबॉयचे सिनेमे काढले, इतकी ती जमीन अमेरिकेच्या वाळवंटासारखी दिसते. आणि त्याच जिल्ह्यात सुमारे ३० हजार हेक्टरवर प्लॅस्टिकखाली भाजीपाला! कष्ट मोठे आहेत, नाही म्हणत नाही. पण जमिनीखालचं पाणी इतकं उपसलं की किनाऱ्याजवळ समुद्राचं खारं पाणी आत घुसलं. बोअरमागून बोअर मारणारी आपली गावं मी पाहिली आहेत, त्यामुळे ते वाचून मला धडकी भरली.

खरं सांगायचं आहे ते दक्षिणेच्या सिएरा नेवादा डोंगररांगेचं. मुलासेन शिखर ३,४७९ मीटर, वर बर्फ. तिथून भूमध्य समुद्र सरळ रेषेत ३५-४० किलोमीटर, आणि त्या किनाऱ्यावर आंबा पिकतो, आपल्या सीताफळाचं भावंड चिरिमोया पिकतं. एवढ्याशा अंतरात हिमालय आणि कोकण.

त्या डोंगराच्या दक्षिण उतारावर, अल्पुहार्रात, आपण एका पाटाकाठी थांबलो होतो. असेकिया म्हणतात त्याला, मूळ शब्द अरबी. मुसलमान राजवटीतल्या शेतकऱ्यांनी हजारेक वर्षांपूर्वी खोदलेले पाट. एक म्हातारबाबा कुदळीने गवताचं ढेकूळ आणि एक चपटा दगड बाजूला सारत होते. पाणी शेतात जाईल असं मला वाटलं, तर ते गेलं उघड्या माळावर आणि बघता बघता दगडांत नाहीसं झालं. तू त्यांना विचारून मला सांगितलंस, वितळलेल्या बर्फाचं पाणी ते मुद्दाम वर जिरवतात, म्हणजे उन्हाळ्यात खालच्या झऱ्यांना उतरतं. सायली, माझी ३१ वर्षांची नोकरी समतल चर आखण्यात गेली. माथ्यावर पाणी जिरवा, पायथ्याला विहीर भरेल, हे गावोगाव बसून मी लोकांना सांगितलं. तेच काम हे लोक पिढ्यान् पिढ्या करत आलेत. मला तिथे उभ्या उभ्या भरून आलं होतं, तू पाहिलंस की नाही कोण जाणे.

मधल्या काळात माणसं शहरांत गेली आणि बरेच पाट बुजले. आता ग्रनाडा विद्यापीठाची मंडळी स्वयंसेवक घेऊन ते उकरताहेत. पाणी सोडणाऱ्या माणसाला असेकिएरो म्हणतात, म्हणजे आपला पाटकरीच.

सुट्टीत तिकडे गेलीस तर एवढं कर. त्या बाबांना, नाहीतर दुसऱ्या कुणा पाटकऱ्याला विचार, पाणी नेमकं कुठे सोडायचं हे ते कशावरून ठरवतात? झाडावरून, की मातीच्या रंगावरून? त्या दिवशी बस सुटायची घाई झाली आणि हे विचारायचंच राहिलं. सविस्तर लिहून पाठव.

तुझे,
अप्पा