माननीय कृषिमंत्र्यांना खुले पत्र: उद्यानविद्येच्या पदवीधराला हिशेबपट्टी वाचता आली पाहिजे

प्रति,
माननीय कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: उद्यानविद्या व कृषी अभ्यासक्रमांतील व्यवसाय-शिक्षण प्रत्यक्ष व्यवहाराशी जोडण्याबाबत

महोदय,

राज्यातील चारही कृषी विद्यापीठांचे आपण प्रतिकुलपती आहात, म्हणून हे पत्र एखाद्या विद्यापीठाला न लिहिता थेट आपल्याला लिहीत आहे. दापोली, राहुरी, अकोला आणि परभणी या विद्यापीठांतून आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या पदवीधरांपैकी अनेक जण घरची बाग असूनही स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका गाठतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मी स्वतः उद्यानविद्येचा पदवीधर असून कोकणात आंबा-काजूच्या कलमांची रोपवाटिका चालवतो, आणि अनुभवाने माझे मत असे झाले आहे की आम्हाला झाड वाढवायला उत्तम शिकवले जाते, पण त्या झाडाच्या जिवावर धंदा कसा उभा करायचा हे आम्ही पदवी हाती आल्यावर, पदरचे पैसे घालवून शिकतो.

विद्यापीठांनी काही केलेच नाही, असे मी म्हणणार नाही. रत्ना आंबा दापोलीने दिला, वेंगुर्ल्याच्या केंद्राने काजूच्या जाती दिल्या, हापूस देठासह उतरवता यावा म्हणून नूतन झेलाही दापोलीनेच दिला. 1990 पासून रोजगार हमी योजनेशी जोडलेल्या फळबाग लागवडीने वरकस जमिनी हिरव्या झाल्या, त्यामागेही याच शास्त्राचे पाठबळ होते. मात्र देठासह अलगद उतरवलेला तो आंबा पुढे कोणाला, कोणत्या दिवशी आणि कोणत्या अटीवर द्यायचा, हा प्रश्न आमच्या प्रश्नपत्रिकेत कधी आला नाही.

मे महिन्यातला एक नेहमीचा निर्णय पाहा. वाशीच्या बाजारात आवक वाढली की पेटीचा भाव घसरू लागतो. खोका, त्यातला पेंढा, भरणावळ, गाडीभाडे आणि हमाली यांचा खर्च मात्र पेटी चढ्या भावाने विकली गेली तरी तेवढाच आणि पडत्या भावाने विकली गेली तरी तेवढाच. त्यामुळे एक टप्पा असा येतो की पेटी भरण्यापेक्षा आंबा किलोच्या भावाने कॅनिंगला (रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला) घातलेला परवडतो, आणि हा टप्पा प्रत्येक बागेचा वेगळा असतो, कारण फळाचा आकार वेगळा, साक्याचे (फळाच्या आत गर खराब होण्याचे) प्रमाण वेगळे, रस्त्यापासूनचे अंतरही वेगळे. गणित चौथीतले आहे, पण ते करायला पेटीमागचा खर्च आधी लिहून ठेवलेला असावा लागतो. बहुतेक बागांमध्ये तो लिहिलेला नसतो, आणि पदवीधर मुलगा घरी परतला तरी तो लिहिला जात नाही, कारण फवारणीची नोंदवही ठेवायची सवय त्याला लागलेली असते, जमाखर्चाच्या वहीची नसते.

उचलीचेही तसेच आहे. मोहोर यायच्या आधी औषधांसाठी बागायतदार दलालाकडून उचल घेतो आणि त्याच्याच गाळ्यावर माल घालायचे मान्य करतो. या पैशावर कागदोपत्री व्याज नसेलही. पण दुसरीकडे चांगला भाव मिळत असताना तिथे माल पाठवता न येणे, हीच त्याची किंमत असते. राज्य सरकारने 2016 मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत (दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरवले. तरीही हंगामाअखेर हाती येणाऱ्या हिशेबपट्टीत, म्हणजे दलालाने दिलेल्या विक्री आणि वजावटींच्या हिशेबात, कोणती वजावट नियमाला धरून आहे आणि कोणती नुसती वहिवाटीने चालत आली आहे, हे विचारण्याइतकी माहिती किती पदवीधरांना असते? मला तरी शिक्षण संपेपर्यंत नव्हती.

अभ्यासक्रमात उद्योजकता विकास आणि पणन हे विषय आहेत, याची मला कल्पना आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रमाच्या तर नावातच ग्रामीण उद्योजकता आहे (‘रेडी’ म्हणजे रुरल आंत्रप्रेन्युअरशिप अवेअरनेस डेव्हलपमेंट योजना). त्याखाली आमचे कृषिदूत आणि कृषिकन्या, म्हणजे पदवीचे विद्यार्थी-विद्यार्थिनी, गावात राहून बीजप्रक्रिया, बोर्डो मिश्रण, माती परीक्षणासाठी नमुना घेणे, अशी प्रात्यक्षिके दाखवतात आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात. माझी पहिली मागणी इथेच आहे. प्रत्येक कृषिदूताने आपल्या यजमान शेतकऱ्याच्या एका फळपिकाचा मागील हंगामाचा जमाखर्च त्याच्याजवळ बसून मांडावा, त्यात घरच्या माणसांची मजुरी आणि बागेच्या भांडवलाची झीजही धरावी, आणि कार्यानुभवाच्या गुणांचा मोठा हिस्सा त्या कागदावर असावा.

शेवटच्या सत्रातील अनुभवाधारित शिक्षणाबाबत थोडे अधिक स्पष्ट लिहितो. अनेक ठिकाणी या काळात मुले कलमे बांधतात, सरबत आणि जॅम करतात, आणि तो माल महाविद्यालयाच्या आवारात, कर्मचाऱ्यांना, ओळखीने विकला जातो. ओळखीच्या गिऱ्हाइकाला विकून धंदा कळत नाही. हजार कोयकलमे बांधायला प्रत्येकी 35 रुपये खर्च आला आणि त्यांतली 700 जगली, तर कलमाचा उत्पादनखर्च 35 नसून 50 रुपये होतो. जी विकली न जाता पुढच्या पावसाळ्यापर्यंत सांभाळावी लागली, त्यांच्यावर पाण्याचा आणि मजुरीचा बोजा आणखी चढतो. महाराष्ट्रात फळरोपवाटिकेला 1969 च्या कायद्याखाली परवाना लागतो, त्याच्या नोंदवह्या ठेवाव्या लागतात. हे सगळे मुलांनी स्वतःच्या गटाच्या नावाने, अनोळखी खरेदीदाराशी भाव ठरवून आणि उधारी वसूल करून पार पाडले पाहिजे. तोटा झाला तर गुण कापू नयेत. तोटा कशामुळे झाला हे सांगता आले नाही तर कापावेत.

कृषी पदवीधरांसाठी 2002 पासून केंद्राची ॲग्री-क्लिनिक व ॲग्री-बिझनेस केंद्रांची योजना आहे. तिच्यात विनामूल्य निवासी प्रशिक्षण मिळते आणि नाबार्डमार्फत प्रकल्पावर 36 टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना 44 टक्के अनुदान मिळते. योजना चांगली आहे, पण चार वर्षांत जे शिकवायचे राहिले ते पदवीनंतरच्या काही आठवड्यांत भरून काढण्याची पाळी तिच्यावर येते. बँकेत जाणाऱ्या तरुणाचा प्रकल्प अहवाल बहुधा दुसऱ्या कोणीतरी पैसे घेऊन तयार केलेला असतो, आणि व्यवस्थापकाने खेळत्या भांडवलाबद्दल दुसरा प्रश्न विचारला की संभाषण तिथेच थांबते.

फळांचा धंदा आता करारांचाही झाला आहे. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडकली, तेव्हा औषधाच्या मात्रेइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा होता की नुकसान बागायतदाराचे की निर्यातदाराचे, आणि तसे कुठे लिहून ठेवले आहे. नाशिक जिल्ह्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी व्यावसायिक शिस्तीने चालवता येते हे दाखवून दिले. तिच्याकडे पाहून निघालेल्या बऱ्याच कंपन्यांना मात्र ताळेबंद वेळेवर दाखल करणारा माणूसही गावात मिळत नाही. हे काम खरे तर आमच्या पदवीधरांचे आहे.

अभ्यासक्रम दिल्लीत ठरतो आणि प्राध्यापकांची पदे रिक्त आहेत, अशी दोन उत्तरे मिळतील, हे मी गृहीत धरतो. दुसरे उत्तर खरेच आहे, आणि त्याचा दोष शासनाकडे जातो. पण प्रात्यक्षिकात काय करून घ्यायचे आणि बाहेरून कोणाला बोलवायचे, हे बऱ्याच अंशी विद्यापीठांच्या हाती आहे. एखादा आडतदार, निर्यातदाराचा खरेदी अधिकारी किंवा लेखापाल यांना सत्रात काही तास रीतसर मानधन देऊन बोलवण्यास पदभरतीची वाट पाहावी लागत नाही. कृषी तंत्र विद्यालयांच्या पदविकेलाही हेच लागू करावे, कारण बागेत प्रत्यक्ष परतणारी मुले तिथे अधिक सापडतात.

आपण महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेच्या पुढील बैठकीत हा विषय घ्यावा आणि निदान दापोलीत येत्या आंबा हंगामापासून, शेवटच्या सत्राच्या एका तुकडीवर, हा प्रयोग करण्यास सांगावे. त्या मुलांना कलमांच्या विक्रीचे व्यवहार शिकण्यासाठी माझी रोपवाटिका आणि तिच्या वह्या खुल्या आहेत.

आपला विश्वासू,
कोकणातील एक रोपवाटिकाधारक